पालकाच्या स्वतःच्या शब्दांत

एका मुलीच्या कॉलेजच्या अर्जात मी संयुक्त महाराष्ट्र मागितला. मुलीला हवी होती नुसती फीमाफी. ही माझी चूक. त्या चुकीला आता पन्नास वर्षं होत आली. या पन्नास वर्षांत माझ्या बाकीच्या सगळ्या चुका मी तुम्हा वाचकांना पुरवणीतल्या लेखांतून सांगून मोकळा झालो आहे. सभेत भलत्याच पाहुण्याची ओळख करून दिली ती, स्वतःच्या लग्नाला चुकीच्या हॉलमध्ये जाऊन जेवायला बसलो ती... सगळ्या विकल्या आणि वर तुमच्याकडून शाबासकी घेतली. ही एक तेवढी राखून ठेवली होती. ज्यांना ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती, ते भिकाजीकाका गेल्या महिन्यात गेले. आता राखून ठेवण्यात काही अर्थ राहिला नाही.

फोन सुलूचा आला. सुलू म्हणजे त्यांची मुलगी, काळाचौकीच्या म्युनिसिपल शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. "अनंतादादा, बाबा गेले रे. झोपेतच." मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवून दिला. मग लक्षात आलं, कधी नेणार ते विचारायचंच राहिलं, म्हणून पुन्हा फोन केला. बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाची ही गत.

त्याच्या दोनच महिने आधी मी त्यांना भेटून आलो होतो. सुलूच्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीत काका बसलेले. नव्वदीला टेकलेला माणूस, अंगावर मांस उरलं नव्हतं, पण डोळे तसेच, समोरच्याच्या तोंडावर खिळलेले. मी बोलायला लागलो तर त्यांच्या कपाळाला आठी. "दात बदललंस?" म्हटलं, हो काका, कवळी बसवली. "मगे तू काय बोलतंस ता नीट दिसणा नाय. हळू बोल." काकांना ऐकू येत नसे. ते बोलणं बघत. तासभर बसलो, चहा झाला, निघायला उठलो तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आनी काय, अनंता?" कुठंही भेटले, बाजारात, कुणाच्या लग्नात, की निरोप घेताना हे ठरलेलं. मीही नेहमीसारखं म्हणालो, "काही नाही काका. तब्येत सांभाळा." ते "बरा" म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. ऐकू न येणाऱ्या माणसानं डोळे मिटले की त्याचं दार बंद होतं. मी चपला घालून बाहेर पडलो.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या समोरच्या बाजूला होती, मधे चौक. काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. शेकडो साचे एकदम धडधडत असताना तिथं माणसाचा आवाज माणसाला पोहोचत नाही, म्हणून विणकर एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. वीसेक वर्षं त्या आवाजात काढल्यावर काकांचे कान गेले, पण डोळे असे तयार झाले की इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यामागे हजार धाग्यांतला एक तुटलेला त्यांना लांबून दिसे. तीच नजर ते माणसांच्या तोंडावर लावत. चाळीत त्यांच्यासमोर गुपित बोलायची सोय नव्हती. मी मॅट्रिकला पहिल्यांदा गणितात उडालो तेव्हा ही बातमी माझ्या कठड्याशी उभं राहून एका मित्राच्या कानात सांगितली होती. चौकापलीकडून काका आपल्या दारात उभे राहून दात घासत होते. चूळ भरून त्यांनी तिथूनच विचारलं, "आवशीक सांगलंस?" मी घरी आईला सांगितलं नव्हतं. आता काका सांगणार म्हणून दोन दिवस मी आईच्या मागेमागे फिरलो. पण त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. नुसतं रोज सकाळी चौकापलीकडून माझ्याकडे बघत आणि भुवया वर करत. तिसऱ्या दिवशी मी आईला सांगून टाकलं, मार खाल्ला, आणि काकांच्या भुवया खाली आल्या. त्यांची ही रीतच होती. त्यांना कळलेलं असे, आणि तुम्ही आपल्या तोंडानं सांगेपर्यंत ते थांबत.

पुढे दुसऱ्या फेरीत मी मॅट्रिक झालो, कॉलेजकडे पाठ फिरवली आणि गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. फाउंटनच्या गोळीबाराला दीडेक वर्ष झालं होतं, आणि आमच्या छापखान्यात लग्नपत्रिकांपेक्षा हस्तपत्रकं जास्त छापली जात. दुसऱ्यांची पत्रकं तपासता तपासता मी स्वतःही लिहायला लागलो. माझ्या दोन-चार पत्रकांना चाळीत लोकांनी माना डोलावल्या. बस्स, तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. बाविसाव्या वर्षी मी स्वतःला महाराष्ट्राची लेखणी समजत होतो. माझं प्रत्येक पत्रक "अन्यथा जनता स्वस्थ बसणार नाही" या वाक्यानं संपे. आईला किराणा आणायची यादी लिहून दिली तरी खाली हे वाक्य येईल की काय अशी तिला भीती वाटे.

त्या वर्षी सुलू मॅट्रिकला बसली. चाळीतल्या मुलींत पहिलीच. तिला झाडापानांचं वेड. गॅलरीच्या कठड्यावर तुपाच्या रिकाम्या डब्यांत तिची रोपं, आणि गादीखाली वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली वाळकी पानं. तिला कॉलेजात जाऊन वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. चाळीत हा शब्द नीट उच्चारता येणारी ती एकटीच. परीक्षेच्या आधी चार महिने काकीनं स्टोव्ह बाहेर गॅलरीत नेला, त्याच्या फरफरीचा सुलूला त्रास नको म्हणून. आणि शांततेची राखण काकांनी आपल्याकडे घेतली. ज्या माणसाला स्वतःला कसलाच आवाज येत नाही तो दारात स्टूल टाकून बसे, आणि गॅलरीत कुणाचंही तोंड हललं की ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करी. एकदा माझी आई नुसती पान चघळत उभी होती, तर तिलाही गप्प केलं. सुलू आतून ओरडे, "बाबा, कुणी बोलत नाहीये." ते त्यांना ऐकू येत नसेच.

सुलू चांगल्या मार्कांनी पास झाली. मग काकांनी पाळी बदलून घेतली आणि सकाळी कॉलेजच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहायला लागले. फॉर्म आणायला एक खेप, गिरणीतून पगाराचा दाखला मिळवायला दोन. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणे पाठ वळवून पुटपुटला, "पोरीला बॅरिस्टर करतोय." तिथं काचेची खिडकी होती, काकांनी तिच्यात त्याचे ओठ वाचले आणि मागूनच सांगितलं, "बॅरिस्टर नाय, झाडांची डाक्टर." नादारीच्या, म्हणजे फीमाफीच्या, फॉर्मला मागं एक पाठपोट कोरा कागद जोडलेला होता. वर छापलेलं, 'माफी का मिळावी, हे पालकाने स्वतःच्या शब्दांत लिहावे.' खाली बारीक अक्षरांत, अर्जदार विद्यार्थ्याचं हस्ताक्षर चालणार नाही. काकांना सहीपुरतं येत होतं, तेही सुलूनं शिकवलेलं. खिडकीतला कारकून म्हणाला, दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचे हवेत. चाळीत दुसरा कुणी म्हणजे अर्थातच महाराष्ट्राची लेखणी.

फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी काका माझ्या खोलीत आले ते कोट घालून. लग्नकार्याला घालायचा काळा कोट, ऐन उकाड्याचा. म्हटलं, काका, कुठे निघालात? म्हणाले, "कॉलेजात. ह्या कागदातसून." कागदातून कॉलेजात जायचं म्हणून हा माणूस कोट घालून आला होता. मला तेव्हा हसू आलं. मी हसलोही, आणि त्यांना ते दिसलंच असणार.

मग ते पलंगावर ताठ बसून सांगायला लागले. ऐकू न येणाऱ्या माणसांसारखा त्यांचा आवाज जरा चढा. "लिही. माका ऐकाक येणा नाय. माझा चेडू माका रोज सांजेक पेपर वाचून दाखवता. आवाज काढीत नाय, नुसते ओठ हलयता. तेच्या धाकट्या भावाक जाग येता म्हणान. गोळीबार झालो तेव्हा पण तेना सगळा वाचल्यान. रडा होता, तरी वाची होता. माका बरा वाटाक होया म्हणान तेना कधी खोटा वाचूक नाय. माका जा काय कळता ता तेच्या तोंडातसून. ता मोठी पुस्तका वाचतला, तर माका पण थोडा कळतला." मग थोडं थांबून म्हणाले, "आनी ता म्हणता, झाडाचा पान पण श्वास घेता. ह्यां मी साचेखात्यात सगळ्यांका सांगलंय." एवढंच. त्यांचं सांगून झालं, आणि घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला.

आज हे शब्द मला तोंडपाठ आहेत. तेव्हा वाटलं, हे काय लिहायचं? मुलगी ओठ हलवते, पानं श्वास घेतात... कॉलेजची माणसं हसतील. काका बोलत होते आणि माझी लेखणी भलतंच लिहीत होती. श्रमिकांच्या घामावर उभी राहिलेली ही मुंबापुरी, सह्याद्रीची लेक, शतकांचा अंधार, ज्ञानाची मशाल. मधेच मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी. काका दहा ओळी बोलले, मी दीड पान भरलं. आणि शेवटी हात आपोआप सवयीनं गेला, 'अन्यथा जनता स्वस्थ बसणार नाही.'

काका म्हणाले, "वाच बघू."

आता खरं वाचून दाखवलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं, आणि माझं दीड पान वाया गेलं असतं. म्हणून मी कागद समोर धरला, नजर त्याच्यावर रोखली आणि काकांनी सांगितलेलं त्यांचंच बोलणं, शुद्ध भाषेत करून, ओठ ठसठशीत हलवत त्यांना म्हणून दाखवलं. माझी स्मरणशक्ती तेव्हा चांगली होती, तिचा मी हा उपयोग केला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मधे एकदा त्यांनी नजर वर उचलली, माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आणि पुन्हा तोंडाकडे. मला वाटलं, माणूस भारावला. माझं झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, भरगच्च दीड पान वर-खाली बघितलं आणि विचारलं, "एवढा मी बोललंय?"

"अक्षर मोठं आहे माझं, काका."

मग माझ्याच टाकानं एकेक अक्षर कोरत त्यांनी सही केली, कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "आनी काय, अनंता?" म्हटलं, "काही नाही काका, झालं काम."

पुढे कॉलेजनं बापलेकीला एकदा भेटायला बोलावलं. दोघं जाऊन आली, काय झालं ते कुणी बोललं नाही. नादारीची यादी लागली तीत सुलूचं नाव नव्हतं, आणि माफीशिवाय प्रवेश घेणं त्या घराला शक्य नव्हतं. काकी दाराशी बसून राहिली. सुलू कठड्याशी रोपांना पाणी घालत होती, डबे भरून वाहत होते तरी घालत होती. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी गॅलरीत उभा राहून भाषण केलं. गिरणी कामगाराची मुलगी म्हणून डावललं, मराठी म्हणून डावललं, याचा जाब विचारला जाईल वगैरे. माणसं जमली, टाळ्याही पडल्या. काका पलीकडे आपल्या दारात उभे राहून चौकाच्या रुंदीवरून माझं सबंध भाषण बघत होते. संपल्यावर आत गेले.

खरं काय ते मला पावसाळा सरता सरता कळलं. त्या कॉलेजचा वार्षिक अंक आमच्याकडे छपाईला आला, आणि त्याची मुद्रितं घेऊन खिडकीतला तो कारकून माझ्याच टेबलाशी बसला. गप्पांत म्हणाला, "यंदा एक गंमत झाली. एका पालकानं नादारीच्या अर्जात सरकारलाच इशारा दिला. जनता स्वस्थ बसणार नाही म्हणे." मी हसलो. त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. तो पुढे म्हणाला, "आमच्या प्राचार्य बाई स्वतः सत्याग्रहात जाऊन आलेल्या, त्यांना चळवळीचं वावडं नाही. पण त्या म्हणाल्या, दीड पानात मुलीबद्दल एक ओळ नाही. बापालाच जर मुलीबद्दल सांगायला एक ओळ नसेल, तर ती जागा मी दुसऱ्या मुलीला का देऊ नये?" मी मान खाली घालून मुद्रितं तपासायला लागलो. त्या दिवशी तपासलेल्या पानांत इतक्या चुका राहिल्या की मालकांनी मला सगळ्यांसमोर झापलं. त्या कारकुनाचा हात धरून मी तेव्हाच त्या बाईंकडे जाऊ शकलो असतो. निदान पुढच्या वर्षासाठी तरी. पण तोवर सुलूनं शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नाव घातलं होतं, आणि मी स्वतःची समजूत घातली की मुलीचं काही वाईट झालं नाही. ती नोकरीला लागली, तिनं बाहेरून बी.ए. केलं, तेही मराठी घेऊन. वनस्पतिशास्त्र काही बाहेरून करता येत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. शाळेत ती मुलांना ओल्या कापसात वाल रुजवून दाखवायची, हे मी ऐकून होतो. ऐकलं की विषय बदलत होतो.

तेराव्याला गेलो. माणसं पांगल्यावर सुलू मला म्हणाली, थांब थोडा, चहा टाकते. चहा ठेवून ती वर्तमानपत्र घेऊन आली आणि सवयीनं काकांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसली. पहिलं पान उघडलं, आणि तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, ओठ स्पष्ट उमटतील असे हलवत, ती दोन-तीन बातम्या वाचत गेली. मग तिचं तिलाच लक्षात आलं. "पन्नास वर्षांची सवय," म्हणाली, आणि घडी घालून पेपर खुर्चीवर ठेवला.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. कोट, दीड पान, पाठ म्हणून दाखवलेलं, तो कारकून, सगळं. सुलू ऐकत होती. वाटलं होतं रडेल, किंवा मला बाहेर काढेल. ती उठून चहा गाळायला गेली, आणि आतूनच म्हणाली, "बाबांना माहीत होतं."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. घरी येऊन कोट काढता काढता म्हणाले, अनंताचं तोंड चाललं होतं, डोळे एकाच जागी होते. वाचणाऱ्या माणसाचे डोळे धोट्यासारखे जातात-येतात, माझं चेडू वाचताना मी रोज बघतो." तिनं कप माझ्यासमोर ठेवला. "मी म्हटलं, मग सही कशाला केलीत? तर म्हणाले, तो शिकलेला. माझ्यापेक्षा बरंच लिहिलं असेल त्यानं, मला वाईट वाटू नये म्हणून वाचलं नसेल."

मी चहाचा कप उचलला होता. मी तो खाली ठेवला.

"कॉलेजात बाईंनी कागद पुढे ठेवून विचारलं, हे तुमचे शब्द आहेत का? बाबा म्हणाले, होय, माझेच. मी शेजारी उभी. ट्राममध्ये मी रडत होते, म्हटलं, खरं का नाही सांगितलंत? तर म्हणाले, सही माझी होती ना. आणि अनंता सांगेल आपण होऊन, तू त्याला काही बोलू नकोस. म्हणून मी बोलले नाही. ते तुला दर वेळी विचारत होते की, आणि काय, आणि काय म्हणून. तू आपला तब्येत सांभाळा म्हणून जायचास."

खिडकीत तिच्या कुंड्या होत्या. तुपाचे डबे जाऊन आता कुंड्या आल्यात, एवढाच फरक. मी त्यांच्याकडे बघत बसलो. तिच्या तोंडाकडे बघायचं धैर्य नव्हतं. मग उगाच काहीतरी भरपाई केल्यासारखं म्हणालो, "सुलू, मी काकांवर पुरवणीत लिहीन. सगळं लिहीन, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं त्यांच्याच शब्दांत घालीन. छापायच्या आधी तुला वाचून दाखवीन."

सुलूनं माझा न प्यायलेला चहा उचलला. "लिही," म्हणाली. "पण वाचून नको दाखवूस, अनंतादादा. कागद माझ्या हातात दे. तुझ्या वाचण्यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही."